पान तिसरं, व्हायोला

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी कॉम्प्युटरने मला बाहेर काढलं. ज्या प्रोग्रॅमवर मी अकरा वर्षं वाजवणाऱ्यांसाठी स्वरलेखनाची पानं करते आहे, तो उघडेचना. दरवेळी तीच चौकट: या मशीनवर हे आता चालणार नाही. अकरा वर्षांचं काम आत आणि मी बाहेर. माउस धरून किती वेळ नुसती बसले होते, देव जाणे.

आणि नेमकी आजच दुपारी आमच्या वाजवणाऱ्या चौकडीतली चेलोवाली आली, हातात जाडजूड वही घेऊन. तिच्या आत्याने चाळीस वर्षांपूर्वी चार वाद्यांसाठी एक रचना लिहिली होती, हाताने, निळ्या शाईने. आत्या गेली, वही कपाटात राहिली, रचना कुणी एकदाही वाजवली नाही. आता बावीस मार्चच्या कार्यक्रमात ती वाजवायचं चौकडीने ठरवलंय. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चौघांना आपापल्या भागाची छापील पानं हवीत. "तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही, वहिनी," म्हणाली. गोड बोलायला तिला कुणी शिकवायला नको. मी हो म्हणून बसले. प्रोग्रॅम बंद पडलाय हे सांगितलंच नाही.

चौकडीतला व्हायोला म्हणजे माझा नवरा. ह्याला जेवताना सांगितलं तर म्हणाला, "नवीन कशाला काढताय आता? जुनंच वाजवू. लोकांना जुनंच आवडतं." छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही पानाला हा चांगलं म्हणालेला नाही, त्यामुळे नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवा प्रोग्रॅम मिळाला, फुकट. फुकट का, ते आज कळलं. यात माउसने सूर उचलून कागदावर ठेवायचे नसतात. सगळं अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायचं: सूर कोणता, किती लांबीचा, सुरांना जोडणारी कमान कुठे सुरू, कुठे संपली. मग एक बटण दाबायचं आणि प्रोग्रॅम आपल्या मर्जीने पान काढून देतो. मी तासभर खपून आठ ओळी लिहिल्या, बटण दाबलं. दोनशे अकरा चुका. आठ ओळींत. एक कंस मिटायचा राहिला होता, बाकीच्या दोनशे दहा त्याच्याच पोटच्या.

टाइप करताना मी मोठ्याने बोलते, हे ह्याने सांगितलं. "जी चार, ए आठ, बी आठ, कमान सुरू." मला पत्ताच नव्हता. हा चहाचा कप घेऊन मागच्या खुर्चीत येऊन बसला.

"कुणाचं चाललंय?"

"तुझंच. व्हायोलाचं."

"मग चालू दे."

तासभर बसला. मधे एकदा म्हणाला, "एवढी घाई करू नकोस, जरा सावकाश म्हण." मी म्हटलं, मी काय तुला पाढे शिकवतेय? पण कशाला खोटं बोलू, बरं वाटलं. हा माणूस माझ्या कामाजवळ असा कधी बसला नव्हता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चुका आता नऊवर आल्यात, त्यामुळे खरी मजा सुरू झाली. पाच रेघा असतात, त्यातल्या दोन रेघांमधल्या अंतराला मी घर म्हणते. हा प्रोग्रॅम कुठलीही वस्तू अशा घरांच्या मापाने हलवू देतो. कमान अर्धं घर वर. कुठलं बोट ठेवायचं त्याचा आकडा पाव घर डावीकडे. दुसऱ्याला कळणारही नाही, मला कळतं. कमानीचं टोक सुराच्या काळ्या डोक्याला घासत असलं की मला दातात काहीतरी अडकल्यासारखं होतं. जन्माची खोड आहे. पाव घराची चूक मी चष्म्याशिवाय पकडते.

पहिलं पान छापून ह्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते हातभर लांब धरलं, मग तिरकं धरलं, मग म्हणाला, "फिकट आहे. रेघा जाड कर." केल्या. "सूर मोठे कर." केले. "अजून." एवढे मोठे केले की शाळेच्या फळ्यावर शोभले असते. तरी तोंड वाकडंच.

आजोबा म्हणून मात्र हा पैकीच्या पैकी. लेक सातला कामाला जाते, जावई जहाजावर असतो, म्हणून टिकलीला, आमच्या नातीला, गाडीने शाळेत सोडायचं काम ह्याचं. दोघांनी गाडीत एक खेळ काढलाय. सिग्नल आला की टिकलीने रंग ओरडून सांगायचा, बरोबर आला की शाबासकी. सहा वर्षांची पोर आता घरी आल्यावरसुद्धा पायपुसण्यापासून पडद्यापर्यंत रंग सांगत सुटते. मुलं हाताळायची कला ह्याच्याकडे आहे, तेवढं मान्य करायला हवं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज बाजारात हा समोरून आला आणि सरळ पुढे निघून गेला. मी हसले, हात केला, ह्याने ओळखसुद्धा दाखवली नाही. कारण काय, तर सकाळी मी म्हणाले होते की बाकीचे तिघं आपापली पानं पेन्सिलीच्या खुणांनी भरवून आणतात, तुझ्या पानावर दोन वर्षांत एक रेघ नाही, एवढी कसली घमेंड. तेवढ्यावरून भर बाजारात अबोला? घरी विचारलं तर म्हणाला, "विचारात होतो." मी ओट्याशी उभी राहून थोडी रडले. कांदाही चिरत नव्हते, त्यामुळे सबब नव्हती.

संध्याकाळी मात्र स्वतःहून आला. या प्रोग्रॅमला आपण लिहिलेलं वाजवूनही दाखवता येतं, पिपाणीसारख्या बारीक आवाजात. "माझा सगळा भाग फोनवर टाकून दे," म्हणाला. मी म्हटलं, कागद तयार आहे की. "कागद बघतो नंतर. आधी ऐकतो." म्हणजे माझ्या कागदापेक्षा ती पिपाणी बरी. दिलं टाकून. आता दिवसभर कानात घालून बसतो.

७ मार्च, शुक्रवार

व्हायोलाच्या तिसऱ्या, शेवटच्या पानाच्या सुरुवातीलाच आत्याबाईंनी अशी कमान काढली आहे की तिचं दुसरं टोक कुठल्याच सुरावर पडत नाही, नुसती हवेत सुटते. प्रोग्रॅमला हवेतलं काही समजत नाही. त्याला कमान अडकवायला सूर लागतो. दोन दिवस डोकं फोडल्यावर युक्ती सापडली. तिथे एक खोटा सूर लिहायचा, कमान त्याला अडकवायची, आणि त्याच्याआधी सूर लपवायची आज्ञा द्यायची. सूर कागदावर उमटत नाही, कमान उमटते. काम झालं की लगेच सूर दाखवायची आज्ञा द्यायची. बटण दाबलं आणि कमान वहीत आहे तशीच हवेत सुटली. मी उठून खोलीत एक फेरी मारली. दाखवायला घरात कुणी नव्हतं.

गाडीचा डावा आरसा फुटलाय. पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून गेलं म्हणे. माणसं डोळे मिटून गाड्या चालवतात.

१२ मार्च, बुधवार

उद्या पहिली पूर्ण तालीम, आमच्याच बैठकीच्या खोलीत. आणि आज सकाळी ह्याने पुन्हा तेच काढलं: सूर अजून मोठे हवेत. वैतागले, पण केले. सूर मोठे केले की ओळी भलतीकडे तुटतात. माझी खोट्या सुराची युक्ती पार विस्कटली, ती घाईघाईत पुन्हा लिहिली. पहिली दोन पानं डोळ्यांनी तपासली, तिसरं कानांनी, कारण छपाईवाला एक वाजता दुकान बंद करतो. पिपाणीवर शेवटपर्यंत सगळं अगदी बरोबर वाजलं.

छपाईवाला पाकीट देताना म्हणाला, "बाई, तुमच्या शेवटच्या पानाला शाई लागलीच नाही हो. अशीच कामं आणत जा." मला ते आवडलं. पान मोकळं ठेवणं हीच तर कला आहे. पाकीट तसंच बंद घरी आणलं.

१३ मार्च, गुरुवार

तालीम झाली. पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या गृहस्थांना आम्ही हेडमास्तर म्हणतो, कारण त्यांनी आजवर कुणाची चूक सोडलेली नाही. आज ते एकदाच थांबले, तेही दुसऱ्या व्हायोलिनसाठी. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शेवटी एका जागी व्हायोला एकटाच वर येतो, तिथे माझे हात ओट्यावर होते तसेच राहिले. जाताना हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, पानं उत्तम. बोट ठेवायला जागा नाही." मी हवेत.

सगळे गेल्यावर स्टँडवरची पानं गोळा केली. व्हायोलाचं तिसरं पान हातात आलं, ते दिव्याखाली धरलं.

पानावर एकही सूर नाही. पाच-पाच रेघांच्या दहा ओळी आहेत. कमानी आहेत. हळू कुठे, जोरात कुठे, ती अक्षरं आहेत. बोटांचे आकडेसुद्धा आहेत, पाव घर डावीकडे, जिथल्या तिथे. मधे काही नाही. लपव म्हणून सांगितलं आणि दाखव म्हणायला विसरले. आवाजाला ती आज्ञा लागू नसते. पिपाणी सगळं वाजवत राहिली आणि मी ऐकून खूश.

 मग लक्षात आलं की ह्याच्यासमोर हे पान होतं आणि हा वाजवत राहिला. थांबला नाही, "हे काय" म्हणाला नाही. हेडमास्तरांच्या देखत एक शब्द काढला असता तर माझं काय राहिलं असतं? ऐकून ऐकून पाठ झालं होतं म्हणून निभावलं असेल, पण निभावलं ते माझ्यासाठी. छत्तीस वर्षं मी या माणसाला दगड समजत आले. हा फिरायला गेलाय. आल्यावर बोलायला गेले तर रडू येईल. उद्या सकाळी बोलेन.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळचे आठ वीस

 आधी लिहिते, नाहीतर पुढचं काही सुचणार नाही.

चहा देताना म्हणाले, "तिसऱ्या पानाबद्दल थँक्यू."

"कुठलं तिसरं पान?"

"कालचं. तुझं."

हा टिकलीच्या बुटाचे बंद बांधत होता. हसला आणि म्हणाला, "अगं, सगळ्यात छान तेच आलंय. मोठं, काळं, स्वच्छ. वाचायला काही त्रासच झाला नाही. मी कधी म्हणत नाही, पण ते पान मानलं तुझं."

मला वाटलं चेष्टा करतोय. मीही हसले. त्याने वर बघितलं, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला बघितलं, आणि म्हणाला, "खरंच सांगतोय." चेष्टा करताना ह्याची डावी भुवई वर जाते. भुवई जागेवर होती.

दोघं गेली. मी कप धरून तशीच उभी. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा चांगलं म्हणाला, तेही कोऱ्या पानाला.

मग एकेक आठवत गेलं. जाड कर. मोठं कर. कागद हातभर लांब, मग तिरका. पेन्सिलीची एक खूण नाही. बाजार. आरसा. मागची खुर्ची, आणि जरा सावकाश म्हण. मग सिग्नल आठवला.

चपला न घालता जिना उतरले. गाडी केव्हाच गेली होती. शाळा वीस मिनिटांवर आहे, मधे चार सिग्नल. शाळेत फोन लावते आहे, कुणी उचलत नाही. आठ सव्वीस. पुन्हा लावते.

त्याच दिवशी, दुपारी

आठ एकतीसला शाळेतल्या बाईंनी फोन उचलला. टिकली वर्गात आहे, म्हणाल्या. मी काहीतरी डब्याचं विचारून फोन ठेवला आणि जिन्यातच बसले.

हा नऊला आला. मी दारातच ते पान पुढे केलं आणि म्हटलं, "पहिली ओळ वाच."

त्याने पान घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग टेबल चाचपून त्यावर ठेवलं, पानाची कड टेबलाच्या कडेला नीट जुळवली आणि खुर्चीत बसला.

"काय आहे त्यावर?" त्याने विचारलं.

"काही नाही. सूर उमटलेच नाहीत. माझी चूक."

"अस्सं," म्हणाला. 

मग बोलला. डोळ्यांतलं मधलं गेलंय, कडा तेवढ्या आहेत. माझ्याकडे बघितलं की मी नसते, बाजूचं कपाट असतं. दोन वर्षं झाली. डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जुन्या रचना पाठ होत्या म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आत्याबाईंची वही आली तेव्हा ह्याचं धाबं दणाणलं. "तू टाइप करताना बोलायला लागलीस म्हणून वाचलो," म्हणाला.

म्हणजे माझ्याजवळ येऊन बसत होता तो यासाठी. हेही आजच कळायचं होतं.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यात येणारी माणसं पाठ आहेत का?"

 मी किल्ली मागितली. रिंगमधून सोडवायला त्याला इतका वेळ लागला की मी ती हिसकावून घेतली. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. जन्मभर मी कागदावर पाव घर शोधत बसले आणि हा माणूस माझ्यासमोर, एका ताटाच्या अंतरावर.

१५ मार्च, शनिवार

हा म्हणतो, बावीसपर्यंत कुणाला सांगू नकोस. लेकीलाही नको, ती लगेच हेडमास्तरांना फोन करेल. "त्यांना कळलं तर आजच दुसरा माणूस बघतील. ही एक रचना वाजवू दे. मग मीच सांगतो सगळ्यांना." ह्याने माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मोजे कुठे आहेत, एवढं सोडून.

गाडी बंद झाली. टिकलीला धोका नाही. मग आठ दिवसांनी कुणाचं काय बिघडतं? मी हो म्हटलं. बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाही. लेकीला सांगितलं की गाडी गॅरेजमध्ये टाकली आहे, सोमवारपासून टिकलीला मी बसने नेईन. बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. स्वतःचीच भीती वाटली.

तिसरं पान दुरुस्त केलं. एक शब्द घालायचा होता. मोठ्या अक्षरांत छापूनही आणलं. कुणासाठी ते विचारू नये.

१८ मार्च, मंगळवार

दोन दिवस बसने गेलो. टिकली खिडकीशी बसून प्रत्येक सिग्नलला रंग सांगते. मी म्हटलं, "अगं, ड्रायव्हरकाकांना दिसतात."

तिने थोडा विचार केला. "सगळे?"

"सगळे."

"मग बरंय," म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडून बघायला लागली.

संध्याकाळी लेक तिला न्यायला आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, किती दमलीस. गॅरेजवाला कधी देणार गाडी?" मी म्हटलं, शनिवारपर्यंत. ती दारात बाबांशी काहीतरी बोलत उभी होती. मी भांडी आवरत होते.

१९ मार्च, बुधवार

आंघोळ करून बाहेर आले तर घर शांत. "आम्ही निघालो" असं काहीतरी पाण्याच्या आवाजात ऐकलं होतं. वाटलं, हा आणि टिकली स्टॉपवर जाऊन माझी वाट बघतील. खिडकीतून बघितलं. स्टॉपवर कुणी नाही. लेक समोरच्याच इमारतीत राहते आणि कंपनीच्या बसने कामाला जाते, तिची निळी गाडी दिवसभर खाली उभी असते. गाडीच्या जागी तेलाचा डाग होता.

मी लेकीला फोन केला. "हो, मीच दिली," ती म्हणाली. "काल बाबांच्या हातात किल्ली ठेवली. तुझी बसमध्ये फरपट कशाला, तुमची गाडी येईपर्यंत माझी वापरा म्हटलं. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं. काही नाही. हे माझ्या तोंडून कसं निघालं?

टॅक्सीत मी एकटी रंग बघत होते. पहिला सिग्नल, दुसरा, तिसरा. कुठे गर्दी जमलेली नव्हती. चौथा. शाळेच्या फाटकाशी गर्दी होती. टॅक्सी थांबायच्या आत मी दार उघडलं.

गाडीचं नाक फाटकाच्या खांबाला टेकलेलं. दिव्याची काच खाली पसरलेली, शाळेचा वॉचमन ती झाडत होता. हा बाजूला दोन्ही हात खिशात घालून उभा. कुणाला काही झालेलं नव्हतं. टिकलीला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण ती रडत होती, आवाज न करता, मोठी माणसं रडतात तशी. मी तिला पोटाशी धरलं, म्हटलं, झालं, संपलं, कुणाला लागलं नाही.

"माझी चूक आहे, आजी," ती म्हणाली. "मला खांब सांगायचा राहिला."

 मी विचारलं, "खेळात खांब पण असतो?"

"खेळ नाहीये तो. आजोबांना दिसत नाही ना. कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. तू पण सांगू नकोस हं."

तिला माहीत होतं. शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी ती कामाला जात होती, आणि आम्ही तिला शाबासकी देत होतो.

ह्याला मी एवढंच विचारलं की किल्ली घेतलीसच का. म्हणाला, "तिने हातात ठेवली. नको म्हटलं असतं तर का नको, ते सांगावं लागलं असतं." खोटं नव्हतं ते. गॅरेजचं खोटं माझं होतं, त्याच्यामागे तो लपला, आणि पुढच्या सीटवर पोर.

टिकलीला म्हटलं, "मी सांगणार आहे. तुझ्या आईला. आत्ता." ती माझ्याकडे बघतच राहिली. तिथेच फाटकाशी उभी राहून फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, कोऱ्या पानासकट.  लेकीने शेवटी एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"आज बुधवार आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

२० मार्च, गुरुवार

लेकीने रजा टाकली आहे. टिकलीला स्वतः सोडते, स्वतः आणते. मी खिडकीत उभी असते. ती वर बघत नाही. तिची चूक नाही.

ह्याने आज हेडमास्तरांना फोन केला, माझ्यासमोर, स्वतः. सांगून टाकलं.  मग त्यांचा आवाज मोठा म्हणून मलाही ऐकू आलं: "दोन वर्षं मी तुमच्या समोर बसतोय हो." आणि पुढे: "शनिवारी या. पण स्टँड नाही मिळणार. पान समोर ठेवून वाचल्याचं नाटक आता बंद." त्यानंतरसाठी दुसरा व्हायोला बघावा लागेल, तेही त्यांनी सांगितलं. हा हो म्हणाला.

मला ह्याचा इतका राग येतोय की शेजारी बसवत नाही. तरी जेवताना ताटात कुठे काय आहे ते सांगते. पाणी उजवीकडे. गरम आहे, सावकाश.

२२ मार्च, शनिवार

दुपारी सभागृह रिकामं असताना ह्याला नेऊन दाखवलं. दार, मग सात पावलं, दोन पायऱ्या, डावीकडे खुर्ची. चार वेळा करून घेतलं. पाचव्या वेळी म्हणाला, "झालं पाठ." मी म्हटलं, तो शब्द माझ्यापुढे काढू नकोस.

कार्यक्रमाला लेक येईल असं वाटलं नव्हतं. आली. सगळ्यात मागच्या रांगेत टिकलीला घेऊन बसली. मी त्यांच्या पुढच्या रांगेत, दोन खुर्च्या सोडून. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मंचावर चार खुर्च्या, तीन स्टँड. दिवे मंद झाले. चौघं बाजूच्या दारातून आले, हा शेवटून दुसरा, चेलोवालीच्या पुढे. मी मनात पावलं मोजत होते. पाच, सहा. सगळं सभागृह चिडीचूप. आणि मागून टिकलीचा आवाज आला, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"पायरी."

आणि मग, "अजून एक."

तो वर चढला. मी मागे वळून बघितलं. लेकीचा हात टिकलीच्या तोंडाकडे गेला होता आणि मधेच थांबला होता. तो तिने परत मांडीवर ठेवला.

मग त्यांनी वाजवलं. वाजवण्याबद्दल मला लिहिता येत नाही. तिसऱ्या पानाची पहिली ओळ आली आणि ती कमान आली, हवेत सुटणारी. ह्याने ती वहीत होती तशीच सोडली. ते पान माझ्या पर्समध्ये घडी करून ठेवलेलं होतं, दुरुस्त केलेलं, सगळे सूर जागेवर असलेलं.

टाळ्या झाल्या. बाकीचे तिघं वाकून नमस्कार करून निघाले. चेलोवालीने ह्याच्या कोपराला हात लावला, ह्याने मान हलवून नको म्हटलं. निघायला तर हवं होतं, पण उलटा रस्ता आम्ही दुपारी केलाच नव्हता. हा व्हायोला छातीशी धरून खुर्चीजवळ उभा राहिला. लोक अजून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, भारावलाय.

मी उठायच्या आत मागची खुर्ची वाजली. मला वाटलं, लेक निघाली. ती मधल्या वाटेने सरळ पुढे गेली, मंचापाशी थांबली आणि हात वर केला.

"बाबा, मी इथे आहे," ती म्हणाली. "दोन पायऱ्या आहेत. आधी डावा पाय."

तो तिच्या हाताला धरून खाली आला. टिकली त्यांच्यामागे पळाली. मग तिघं माझ्या रांगेवरून दाराकडे गेली, आणि लेक जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबली, पण माझ्याशी ती अजून बोललेली नाही.